एकाच कफातल्या पाच कॉलनी

लॅबमध्ये लागून मला जेमतेम चार महिने झाले होते तेव्हाची गोष्ट आहे. सकाळी इन्क्युबेटरमधून प्लेटा काढल्या, एकेक झाकण उचलून बघत होते आणि एका प्लेटशी येऊन अडकले. सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ, जन्मापासूनचा, फुप्फुसं खराब करत जाणारा आजार) असलेल्या एका तरुण पेशंटच्या कफाचं कल्चर होतं, दोन दिवसांचं, आणि प्लेटवर पाच वेगवेगळ्या तोंडावळ्याच्या कॉलनी, म्हणजे वाढलेल्या जंतूंचे ठिपके. एक नेहमीची, पसरट, हिरवट, झाकण उचललं की तो द्राक्षासारखा गोडसर वास येतो ना, ती. दुसरी फुगलेली, पाणीदार, शेजारणीच्या अंगावर ओघळलेली. तिसरी चपटी, आणि तिच्यावर धातूसारखी चमक, म्हणजे प्लेट तिरकी केली की पारा सांडल्यासारखं वाटायचं. चौथी टाचणीच्या टोकाएवढी, आदल्या दिवशी तर ती दिसलीही नव्हती. आणि पाचवी तपकिरी, तिच्याभोवतीचा अगारसुद्धा तपकिरी झालेला.

मला वाटलं प्लेट गेली, बाहेरचं काहीतरी पडलं असणार. सिनियर मॅडमकडे घेऊन गेले आणि म्हटलं, "मॅडम, ही कंटॅमिनेट झालीये, बाद करून परत लावू का?" त्यांनी प्लेट उजेडाकडे धरली, हळूहळू फिरवली, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "टाकू नकोस गं. पाचही वेगळ्या काढून लाव, पाचहींची ऑक्सिडेज टेस्ट कर, मग बोलू आपण."

पाचही ऑक्सिडेज पॉझिटिव्ह. पुढच्या टेस्टही केल्या आणि पाचही स्यूडोमोनास एरुजिनोसाच निघाल्या. नंतर टायपिंगला, म्हणजे वंश तपासायला, पाठवल्या तर पाचही एकाच क्लोनच्या, म्हणजे बाहेरून पाच वेगवेगळे जंतू आले नव्हते, एकच कधीतरी काही वर्षांपूर्वी त्या फुप्फुसात शिरला होता आणि ही सगळी त्याचीच पिल्लावळ. एका आईची पाच लेकरं आणि एकीचं तोंड दुसरीसारखं नाही! तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि त्याबद्दल एकदा नीट बसून लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी या जंतूबद्दल थोडं. स्यूडोमोनास हा मुळात माणसाचा जंतू नाहीच. तो ओलाव्यात राहतो, मातीत, साचलेल्या पाण्यात, सिंकच्या पाइपात, नळाच्या जाळीत. १८८२ साली कार्ल गेसार्ड या फ्रेंच माणसाने तो निळ्या-हिरव्या पूमधून वेगळा काढला, एरुजिनोसा हे नावसुद्धा तांब्यावर चढणाऱ्या त्या हिरव्या गंजावरून आलंय. २००० साली त्याचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए, वाचला गेला, ६३ लाख अक्षरं आणि साधारण ५,५७० जीन्स. जंतूच्या मानाने हा फार मोठा संसार आहे, आणि त्यातले कितीतरी जीन्स नुसते इतर जीन्सवर देखरेख ठेवायला आहेत, कधी काय चालू करायचं कधी काय बंद करायचं ते ठरवायला. कुठेही जाऊन जगायची तयारी त्याच्या गाठोड्यात आधीच बांधलेली असते.

धडधाकट माणसाच्या फुप्फुसात तो श्वासाबरोबर गेला तरी टिकत नाही. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला पातळ चिकट थर असतो, त्याखाली बारीक केस सतत हलत असतात आणि सगळा कचरा वरच्या दिशेने ढकलत राहतात. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सीएफटीआर नावाचा जीन बिघडलेला असतो (हा जीन १९८९ मध्ये सापडला, सातव्या क्रोमोसोमवर), त्यामुळे पेशीच्या भिंतीतून क्लोराइडची ये-जा नीट होत नाही, पाणी कमी पडतं आणि तो थर घट्ट, गोंदासारखा होतो. केस त्यात रुतून बसतात. कचरा वर जात नाही. आणि मग आत आलेला जंतू आतच राहतो, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं. ब्राँकिएक्टेसिसमध्ये (श्वासनलिका कायमच्या रुंद, सैल होतात तो आजार) आणि बऱ्याच वर्षांच्या सीओपीडीमध्येसुद्धा (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागतो तो जुनाट आजार) असंच काहीसं होतं, पण सगळ्यात जास्त अभ्यास सीएफमध्ये झालाय कारण तिथे पेशंट लहानपणापासून एकाच क्लिनिकला येत राहतो आणि दर काही आठवड्यांनी त्याचा कफ लॅबमध्ये येतो. जुने नमुने फ्रीझरमध्ये ठेवले असतील तर एका जंतूचा अख्खा जन्म तुमच्यासमोर वर्षावार मांडून ठेवलेला असतो.

आता इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, कारण ती सगळीकडे चुकीची सांगितली जाते. "जंतू शहाणे झालेत", "जंतू औषध ओळखायला शिकले" असं आपण सर्रास म्हणतो, मीही बोलताना म्हणते, पण जंतू काही शिकत बिकत नाही. पेशी दुप्पट होताना डीएनएची नक्कल होते, नक्कल करताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं, बस्स. ही चूक फार क्वचित होते, अंदाजे हजार-दोन हजार पेशी विभागल्या तर त्यातल्या एखादीच्या पूर्ण जीनोममध्ये एक. आता जरा हिशोब करून बघा. सीएफच्या एक मिलिलिटर कफात दहा कोटी स्यूडोमोनास सहज असतात. त्या सगळ्या एकदा विभागल्या की त्या एका मिलीत पन्नास हजार ते एक लाख नव्या चुका तयार! चमचाभर सुद्धा नाही, एक मिली. जीनोममध्ये अक्षरं आहेत ६३ लाख, म्हणजे थोड्याच दिवसांत त्या फुप्फुसात जवळजवळ प्रत्येक अक्षर कुठल्या ना कुठल्या पेशीत एकदा तरी बदलून बघितलेलं असतं. त्यातल्या बहुतेक चुकांनी काही होत नाही, काहींनी पेशी मरते किंवा मागे पडते, आणि एखादी चूक अशी निघते की त्या जागी, त्या चिकट कफात, त्या औषधाखाली, त्या पेशीचं इतरांपेक्षा जरा बरं चालतं. मग काही आठवड्यांत तिचीच प्रजा सगळीकडे.

चूक आधी होते, निवड नंतर. लुरिया आणि डेलब्रुक या दोघांनी १९४३ मध्येच हे जंतूंवर दाखवून दिलं होतं, औषध-बिषध नव्हतं, व्हायरस वापरून, आणि तेव्हा तर जीन कशाचा बनलाय याबद्दलही एकमत नव्हतं.

मग फुप्फुसात नेमक्या कुठल्या चुका टिकतात? २००६ साली सिएटलच्या ग्रुपने एक पेपर काढला, तो मी इतक्या वेळा वाचलाय की त्यातली चित्रं डोळ्यासमोर येतात. एकाच मुलाच्या नमुन्यातले दोन जंतू घेतले, एक तो मूल सहा महिन्यांचं असतानाचा आणि एक ते आठ वर्षांचं झाल्यावरचा, आणि दोघांचे पूर्ण जीनोम शेजारी शेजारी ठेवले. ६८ बदल सापडले. साडेसात वर्षांत ६३ लाखांपैकी ६८! आकडा किरकोळ वाटतो, पण ते बदल कुठे पडलेत ते बघितलं की अंगावर काटा येतो. त्यातले कितीतरी असे की ते जीन सरळ बंद पडले, आणि बंद पडलेले जीन कुठले तर जंतूची शस्त्रं. विष टोचणारी यंत्रणा, पोहण्याची शेपटी, पेशीच्या अंगावरचं साखरेचं आवरण, आपापसात निरोप पाठवायची व्यवस्था. मग आणखी २९ पेशंटच्या नमुन्यांत तेच जीन तपासले तर तिथेही तेच तेच जीन मोडलेले.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पटेचना. पुस्तकात आपण शिकलेलो असतो की हीच शस्त्रं असतात म्हणून हा जंतू भयंकर आहे, आणि इथे तो ती एकेक करून टाकून देतोय? पण थोडं थांबून विचार केला की कळतं. शेपटी ज्या प्रोटीनची बनलेली असते ते फ्लॅजेलिन आपल्या पेशी लांबून ओळखतात आणि लगेच बोंब ठोकतात. आणि घट्ट गोंदात पोहून जायचं तरी कुठे! म्हणजे शेपटी बनवायचा खर्च आहे, फायदा काही नाही, वर पकडलं जायची भीती. ज्या पेशीत तो जीन मोडला तिचं बरं चाललं. पाहुणा म्हणून आला होता तेव्हा जे लागत होतं ते घरचा झाल्यावर नको झालं. म्हणून जुन्या इन्फेक्शनमधले हे जंतू काढून प्राण्यांमध्ये नव्याने टोचले तर बरेचदा ते मूळ जंतूपेक्षा सौम्य निघतात. पण ज्याच्या छातीत तो पंधरा वर्षं बसलाय त्याला हा सौम्यपणा काय कामाचा, फुप्फुस तर झिजतच राहतं, कारण झीज करण्यात आपल्याच पांढऱ्या पेशींचा हात मोठा असतो, त्या येतात, जंतू मारायला रसायनं ओतत राहतात, जंतू तसाच राहतो आणि आजूबाजूची भिंत खराब होते.

त्या पाच कॉलनींपैकी दुसरी आठवते ना, फुगलेली, ओघळणारी? तिला आम्ही म्युकॉइड म्हणतो. लूप (जंतू उचलायची, टोकाला वळवलेली काडी) टेकवून उचलला की तार निघते, बोटभर लांब, तुटता तुटत नाही. ती तार म्हणजे अल्जिनेट, समुद्री शेवाळात असतं तेच. आणि ते निघायला लागण्यामागे बऱ्याचदा फक्त एक अक्षर असतं. मुक-ए नावाचा जीन आहे, त्यात एका ठिकाणी पाच जी (डीएनएच्या चार अक्षरांतलं एक) एकापाठोपाठ येतात, आणि असं एकच अक्षर सलग आलं की नक्कल करताना घसरायला होतं, आपणही एखादा लांबच लांब आकडा लिहून घेताना त्यातलं एक शून्य सोडतो ना, तसं. पाचाचे चार जी होतात. त्यानंतरचं सगळं वाचन एका अक्षराने सरकतं, पुढचा मजकूर निरर्थक होतो आणि प्रोटीन अर्ध्यावर तुटतं. मुक-एचं काम काय तर एका स्विचला दाबून धरणं. हात सुटला की स्विच चालू, आणि कारखाना रात्रंदिवस अल्जिनेट ओतत बसतो. त्या गिलाव्यात बसलेल्या पेशीला पांढऱ्या पेशी सहजी गिळू शकत नाहीत आणि त्यांची रसायनंही नीट पोचत नाहीत. जास्त वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे आपल्या पांढऱ्या पेशी जे जंतूवर सोडतात त्यातलंच एक, लॅबमध्ये वारंवार दिलं तर असे म्युकॉइड म्यूटंट, म्हणजे चुकीने बदललेले जंतू, उगवताना दिसलेत. शरीर ज्या हत्याराने झुंजतं त्या हत्यारानेच हे बियाणं तयार होतं.

आणि हा सगळा गिलावा जंतूला फुकट पडत नाही. मी स्वतः बघितलंय, म्युकॉइड कॉलनी ट्यूबमधल्या ब्रॉथमध्ये, म्हणजे पातळ खाद्यात, न हलवता ठेवायची, दोन-तीनदा सबकल्चर करायची (थोडी काढून नव्या ब्रॉथमध्ये वाढवायची), की काही दिवसांत प्लेटवर साध्या कॉलनी दिसायला लागतात. पहिल्यांदा वाटतं मुक-ए दुरुस्त झाला असेल. तो क्वचितच होतो. बहुतेक वेळा तो मोडलेलाच राहतो आणि पुढचा स्विच, ज्याला मुक-एने धरून ठेवायचं असतं, तोच दुसऱ्या चुकीने मोडतो. म्हणजे दार तुटलं म्हणून वारा येतोय तर दार न लावता खिडकीत विटा रचल्या असं काहीसं. जीनोम अशा ठिगळांनी भरत जातो आणि म्हणूनच तो वाचताना एखादं जुनं घर बघितल्यासारखं वाटतं, कुठली भिंत आधीची कुठली नंतरची ते कळत जातं.

तिसरी, धातूच्या चमकेची, ही मला सगळ्यात आवडते (आवडते हा शब्द बरोबर नाही, पण डोळे तिच्यावर ठरतात). तिच्यात लास-आर मोडलेला असतो. स्यूडोमोनास एकमेकांना रासायनिक निरोप पाठवतात, "आपण किती जण आहोत" याचा अंदाज घेतात आणि गर्दी पुरेशी झाली की सगळ्या मिळून प्रोटीन पचवणारे एन्झाइम बाहेर सोडतात. लास-आर हा त्या निरोपाचा कान. ज्या पेशीचा कान गेला ती एन्झाइम बनवत नाही, खर्च वाचला, आणि शेजारणींनी पचवून ठेवलेलं मात्र तिलाही मिळतंच. शिवाय काही अमिनो ॲसिडवर ती मूळ पेशीपेक्षा जास्त जोमाने वाढते, आणि सीएफच्या कफात अमिनो ॲसिडची रेलचेल असते. त्याच कारणाने पुढे काही जणी अमिनो ॲसिड स्वतः बनवायचंच विसरतात, विशेषतः मेथिओनिन, आयतं मिळतंय तर बनवायचं कशाला. अशा जंतूला साध्या मिडियावर लावलं तर तो वाढतच नाही आणि नवीन मुलं रिपोर्टमध्ये "नो ग्रोथ" लिहून मोकळी होतात.

चौथी बारकी कॉलनी चिकटून राहणाऱ्यांतली, तिच्यात बरेचदा असा काही जीन मोडलेला असतो की पेशीत सायक्लिक-डाय-जीएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढतो आणि ती पृष्ठभागाला घट्ट धरते, बायोफिल्म म्हणजे जंतूंचा चिकट थर करते. पाचवी तपकिरी कारण टायरोसिन पचवायची साखळी मधेच तुटलीये आणि उरलेल्या मालाचा रंग होतो.

औषधांचं काय, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. स्यूडोमोनासकडे औषध बाहेर फेकणारे पंप मुळातच असतात, प्रत्येकावर एकेक वॉचमन बसवलेला, गरज नसेल तर पंप बंद ठेव म्हणून. जुन्या इन्फेक्शनमध्ये हे वॉचमनच मोडतात. त्यातला मेक्स-झेड तर इतक्या पेशंटमध्ये मोडलेला सापडतो की नवीन जीनोमचा डेटा आला की मी आधी तिथे बघते. तो मोडला की एक पंप कायमचा चालू, आणि टोब्रामायसिनसारख्या औषधांचा परिणाम कमी. दुसरा एक, एनएफएक्स-बी, मोडला की सिप्रोफ्लॉक्सासिन बाहेर फेकलं जातं, पण गंमत अशी की तोच जंतू काही वेगळ्या औषधांना, टोब्रामायसिनच्या गटातल्याच, पहिल्यापेक्षा जास्त बळी पडतो. एका बाजूने कवच चढवताना दुसरी बाजू उघडी पडते. ही उघडी बाजू शोधून औषधांचा क्रम लावता येईल का यावर काम चाललंय, आणि मला या कामातून खरोखर आशा वाटते, कारण इथे जंतूच्या बदलाचाच त्याच्याविरुद्ध उपयोग आहे.

आता हे सगळं चुकांच्या ठराविक वेगाने होत असतं असं धरून आपण बोललो. पण २००० साली एक पेपर आला आणि तो वेगही जंतूच्या हातात... नाही, हातात म्हणायचं नाही, तो वेगही बदलतो हे दिसलं. सीएफचे ३० पेशंट तपासले, त्यातल्या ११ जणांत असे स्यूडोमोनास होते ज्यांच्यात नकलेच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच मोडलीये, म्यूट-एस, म्यूट-एल वगैरे जीन. अशा पेशीत चुका शेकडो पटींनी वाढतात. आणि सीएफ नसलेल्या, नुकतंच इन्फेक्शन झालेल्या ७५ जणांत असा एकही नाही. म्हणजे थोड्या दिवसांच्या इन्फेक्शनमध्ये हा मार्ग परवडत नाही, पण जिथे वर्षानुवर्षं राहायचंय आणि दर थोड्या दिवसांनी नवीन औषध येणारंय तिथे जो जास्त चुकतो त्याच्या हाती उपयोगी चूक आधी लागते. बाकीच्या वाईट चुका त्या उपयोगी चुकीच्या पाठीवर बसून फुकट पुढे जातात. पुढे या वाईट चुका साचून तो दुबळा होतो हे खरं, पण तोवर औषधाचं काम बिघडलेलं असतं.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या सीएफ सेंटरने नमुने १९७० च्या दशकापासून जपून ठेवलेत. त्यातला एक स्ट्रेन, म्हणजे जंतूचा एक वंश, एका पेशंटकडून दुसऱ्याकडे पसरत गेला, १९७३ ते २००८, ३५ वर्षं, जंतूच्या साधारण दोन लाख पिढ्या. माणसाच्या दोन लाख पिढ्या मागे मोजत गेलं तर माणूस नावाची गोष्टच उरत नाही. तिथे दिसलं की सुरुवातीच्या थोड्या वर्षांत भराभर मोठे बदल झाले, बहुतेक देखरेख करणाऱ्या मोठ्या जीन्समध्ये, मुक-ए, लास-आर हे त्यातलेच, आणि नंतर गाडी बरीच संथ झाली. त्याच सेंटरच्या ३४ लहान-तरुण पेशंटचे ४७४ नमुने २०१५ मध्ये वाचले गेले, तेव्हा ५२ जीन असे निघाले की वेगवेगळ्या मुलांच्या छातीत, एकमेकांशी काही संबंध नसताना, ते पुन्हा पुन्हा बदललेत. हे मला अजूनही पुरतं पचलेलं नाही. चुका अगदी आंधळ्या, तरी शेवटी वाट तीच.

पण सगळे जंतू त्याच वाटेने जातात असंही नाही हं. बॉस्टनमध्ये बुरखोल्डेरिया डोलोसा नावाच्या जंतूची साथ सीएफच्या पेशंटमध्ये पसरली होती, १४ पेशंट, १६ वर्षांतले ११२ नमुने. इथे एका वर्षात साधारण दोनच अक्षरं बदलत होती, इतकं संथ, आणि १७ जीन्सवर निवडीचा ठसा स्पष्ट होता. त्यातला एक जीन पेशीवरच्या साखरेच्या आवरणाचा. स्यूडोमोनास जुन्या इन्फेक्शनमध्ये हे आवरण बरेचदा टाकून देतो, पण डोलोसाच्या मूळ जंतूत ते आधीच एका चुकीमुळे बंद होतं आणि पेशंटच्या शरीरात दुसरी चूक होऊन ते परत चालू झालं, एकापेक्षा जास्त पेशंटमध्ये, आणि वेगवेगळ्या अक्षराने. म्हणून "जुना जंतू म्हणजे सगळं सोडून दिलेला जंतू" असा नियम करून टाकू नका.

एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाण्याचा विषय निघालाच आहे तर हेही लिहिते, कारण यात माणसांचं फार दुःख आहे. बहुतेक मुलांना पहिला स्यूडोमोनास आजूबाजूच्या पाण्यातून-मातीतून मिळतो, प्रत्येकाचा वेगळा. पण फुप्फुसात मुरलेला, औषधं पचवलेला स्ट्रेन दुसऱ्या सीएफच्या माणसाकडे गेला तर त्याला आयता तयार जंतू मिळतो. १९९६ मध्ये लिव्हरपूलच्या मुलांच्या क्लिनिकमध्ये एकच स्ट्रेन कितीतरी मुलांत सापडला. तेव्हापासून नियम कडक झाले, सीएफच्या दोन माणसांनी एकमेकांपासून निदान दोन मीटर लांब राहायचं. ज्या आजाराबद्दल घरचेही पुरतं समजू शकत नाहीत तो आजार असलेली दोन माणसं एका खोलीत बसून बोलू शकत नाहीत, आणि कारण काय तर एकीच्या जंतूने वीस वर्षांत जे कमावलंय ते दुसरीला मिळू नये.

आता माझी खरी तक्रार. आमच्यासारख्या लॅबमधून रिपोर्ट जातो त्यात एक ओळ असते, स्यूडोमोनास एरुजिनोसा, आणि खाली औषधांची यादी, एस (औषध चालेल) किंवा आर (चालणार नाही). ही यादी बहुतेक वेळा एका कॉलनीची असते, फार तर दोन-तीन. प्लेटवरची जी ठळक, जी लवकर वाढली, जी लूपला सहज लागली, ती. त्या दिवशी त्या पाच कॉलनी मी वेगवेगळ्या लावल्या तेव्हा पाचांच्या डिस्कभोवतीचे (औषधाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेले) झोन वेगळे आले, एकीला टोब्रामायसिनचा मोठा स्वच्छ झोन आणि दुसरीची ग्रोथ डिस्कला टेकलेली. यातलं कुठलं उत्तर खरं? पाचही. आणि ही तर एका कफाची गोष्ट, म्हणजे खोकून जे वर आलं त्याची. ट्रान्सप्लांटच्या वेळी काढलेली फुप्फुसं वेगवेगळ्या भागांत तपासली गेली तेव्हा दिसलं की एकाच माणसाच्या वरच्या आणि खालच्या भागातले जंतू वर्षानुवर्षं वेगळे वाढलेत, वेगवेगळ्या औषधांना वेगवेगळी दाद देणारे, जणू मधे डोंगर आहे. त्यामुळे जुन्या सीएफ इन्फेक्शनमध्ये सेन्सिटिव्हिटी रिपोर्टवरून पेशंटला बरं वाटेल की नाही याचा अंदाज नीट लागत नाही, आणि अनुभवी डॉक्टर रिपोर्टपेक्षा "मागच्या वेळी कशाने बरं वाटलं होतं" यावर जास्त भर देतात, तो हट्ट नसतो, त्याला कारण आहे. मी ज्या एका ठिकाणी आधी काम करत होते तिथे मी दोनदा म्हटलं की निदान वेगळ्या दिसणाऱ्या कॉलनींची नोंद रिपोर्टमध्ये तरी करूया, एक ओळ जास्त लिहायचीये. "इतका वेळ कुणाकडे आहे" म्हणून तो विषय तिथेच संपला. मला ते तेव्हाही चुकीचं वाटलं होतं आणि आजही वाटतं.

पहिल्यांदा स्यूडोमोनास सापडला की लगेच, तो अजून बाहेरचाच असताना, शेपटी आणि शस्त्रांसकट, पंपाचे वॉचमन जागेवर असताना, त्याला गाठायचं, हे आता सगळीकडे मान्य झालंय. २८ दिवस श्वासावाटे वाफेसारखं टोब्रामायसिन दिलं की बहुतेक मुलांच्या नमुन्यातून तो नाहीसा होतो, निदान काही काळ. हीच वेळ असते. म्हणून लहान मुलांचं कल्चर "या वेळी राहू दे, ठीक दिसतोय" म्हणून टाळू नका, ठीक दिसत असतानाच ते करायचं असतं.

आणि सीएफटीआरच्या बिघाडावरच काम करणारी औषधं आली, २०१२ मध्ये आयव्हाकाफ्टर आणि २०१९ मध्ये तीन औषधांची एकत्र गोळी, त्यांनी कितीतरी लोकांचं आयुष्य बदललंय, कफ पातळ होतो, केस पुन्हा हलायला लागतात. आयव्हाकाफ्टर सुरू केलेल्या काही पेशंटमध्ये दोन दिवसांत कफातला स्यूडोमोनास खाली आलेला दिसला. दोन दिवसांत! पण पुढे त्या पेशंटचा पाठपुरावा केला तर संख्या परत वाढायला लागली, आणि एकाच्याही फुप्फुसातून त्याचा जुना स्ट्रेन पूर्ण गेला नव्हता. घर झाडून स्वच्छ केलं तरी जो भिंतीत मुरलाय तो तिथेच. आता त्याच्यासाठी कफ पातळ झालाय, जागा बदललीये, म्हणजे निवडही बदलणार, मग तो टाकून दिलेली शेपटी परत मिळवेल का? मोडलेला जीन एका अक्षराने मोडला असेल तर परत जुळू शकतो, पण अख्खा तुकडाच गळून पडला असेल तर तो परत येणार कुठून. या पेशंटचे आत्ताचे नमुने कुणीतरी नीट साठवून ठेवायला हवेत, वर्षाला निदान एक तरी, आणि दर वेळी प्लेटवरच्या सगळ्या प्रकारच्या कॉलनी.

त्या पाचही मी तेव्हा ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ऐंशीला ठेवल्या होत्या, मॅडमनीच सांगितलं होतं, पाच छोट्या नळ्या, झाकणांवर पेनने एक ते पाच आकडे. ती लॅब सोडताना डबा उघडून बघितला, दोन नंबरच्या नळीचं झाकण नीट लागलेलं नव्हतं आणि बाहेर वाळलेल्या अल्जिनेटचा एक पापुद्रा धरला होता. मी तो पुसला नाही. झाकण फिरवून घट्ट केलं आणि रजिस्टरमध्ये जागा लिहून ठेवली, तिसरा खण, डावीकडचा डबा.